‘साखर तपासली का?’ हे विचारायला कोणीतरी हवं

प्रश्न: मी पुण्यात नोकरी करतो. आई (७२) आणि बाबा (७८) यवतमाळ जिल्ह्यात आमच्या गावी राहतात. आईला बारा वर्षांपासून साखर आणि बीपी आहे. गेल्या महिन्यात ताप आला आणि दोन दिवस ती धड जेवली नाही. तिसऱ्या दिवशी बाबा सकाळी वावरातून परत आले तर ती ओसरीत आडवी पडलेली, एक हात लुळा, बोलणं बंद. बाबांचा फोन आला, “मायले लकवा मारला रे, बोलूनच नाही राह्यली.” गावातल्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, मग तालुक्याला नेलं, तिथून एका खासगी दवाखान्यात आणि शेवटी मोठ्या रुग्णालयात. तिथे साखर तपासली तर ३४ निघाली. ग्लुकोज दिल्यावर हात हलला, पण पूर्ण शुद्धीवर यायला दोन दिवस लागले. अजूनही ती थोडं विसरते. मी रात्री अकराला पोचलो तेव्हा ती कोणत्या गोळ्या घेते हेही मला सांगता आलं नाही. पुढच्या वेळी मी तिच्या बाजूने नीट कसा उभा राहू? डॉक्टरांशी कसं बोलायचं, कुठे न्यायचं, केव्हा भांडायचं? बाबा तर म्हणतात, आता काही झालं तर कुठेच नेऊ नका.

उत्तर:

भाऊ, मी डॉक्टर नाही. तेहतीस वर्षं सरकारी दवाखान्यांत सिस्टर होते. सुरुवात ग्रामीण रुग्णालयात झाली आणि शेवटची अकरा वर्षं मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज होते. तेव्हा औषधांचा शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. पण खाटेशेजारी उभा असलेला नातेवाईक पेशंटला कसा तारतो आणि कसा नकळत बुडवतो, हे मी रोज पाहिलंय. त्याबद्दल मला खात्रीने बोलता येईल.

आधी आईंना काय झालं ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. साखरेच्या काही गोळ्या, म्हणजे ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड, पोटात अन्न गेलंय की नाही याची वाट पाहत नाहीत. त्या शरीराला इन्सुलिन सोडायला लावतातच. ताप आला, जेवण सुटलं, पण ‘साखरेची गोळी चुकवू नये’ हे मनात पक्कं बसलेलं, म्हणून गोळी घेतली. म्हातारपणी किडनी मंदावलेली असते, त्यामुळे गोळी अंगातून लवकर निघत नाही. साखर खाली खाली जाते, मेंदूला काही पुरत नाही आणि माणूस हुबेहूब लकव्यासारखा दिसतो. हात लुळा, जीभ जड, नजर शून्यात. बाबांनी लकवा म्हटलं यात त्यांचं काही चुकलं नाही. बोटाला सुई टोचून पाहिल्याशिवाय हा फरक डॉक्टरलाही खात्रीने सांगता येत नाही.

आणि सलाईन. आपल्याकडे बाटली टांगली की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो, उपचार सुरू झाला असं वाटतं. पण प्रत्येक बाटलीत साखर नसते. एनएस आणि आरएल या बाटल्यांत ती अजिबात नसते, डीएनएस आणि डी-फाइव्हमध्ये असते. आईंना पहिल्या ठिकाणी कोणती लावली होती मला माहीत नाही, पण बाटली संपेपर्यंत तिथे थांबण्यात वेळ गेला हे तुमच्या लिहिण्यावरून दिसतं.

बोटातून एक थेंब रक्त काढून साखर पाहायला एक मिनिटही लागत नाही. त्या दिवशी वाटेतल्या कुठल्याही दवाखान्यात सोबतच्या एकाने जरी म्हटलं असतं, “साहेब, यांना साखरेची गोळी चालू आहे, दोन दिवस जेवल्या नाहीत, साखर तपासली का?”, तर बहुधा तिथेच उलगडा झाला असता. बाजूने उभं राहणं म्हणजे माझ्या लेखी एवढंच. आई बोलू शकत नाही तेव्हा तिच्याबद्दलची माहिती कोणीतरी बोलली पाहिजे, योग्य माणसाला, वेळेवर. आवाज चढवून हे काम होत नाही आणि त्याला डॉक्टरकीही लागत नाही.

म्हणून या आठवड्यात पहिलं काम. आईंच्या डॉक्टरांना भेटा, फोनवर नको, आणि हे तीन प्रश्न कागदावर लिहून न्या. तीच गोळी पुन्हा सुरू करायची का, की साखर एकदम खाली न नेणारी दुसरी देता येईल? किडनीची तपासणी, क्रिएटिनिन, शेवटची कधी झाली? या वयात साखर किती असलेली चालेल? सत्तरीनंतर, त्यातही एकदा असं बेशुद्ध झालेल्या माणसाची साखर तरुणासारखी काटेकोर ठेवायचा आग्रह आता चांगले डॉक्टर धरत नाहीत. थोडी वर राहिलेली परवडते, पण खाली गेलेली परवडत नाही. आणि ‘आजारी पडून जेवण सुटलं तर कोणती गोळी थांबवायची’ हे त्यांच्याकडून लिहूनच घ्या. तो कागद बाबांना वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात हवा. घरी साखर पाहायचं यंत्र घ्या, हजार रुपयांच्या आत येतं. ते बाबांना आणि शेजारच्या एका पोराला वापरायला शिकवा. पट्ट्यांची तारीख उलटून जाते, तेवढी पाहत जा.

साखर कमी निघाली आणि आई शुद्धीवर असतील, गिळता येत असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची, मग भाकर-भात खायला द्यायचा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, पाण्याचा घोटसुद्धा नाही. तो फुप्फुसात जातो. मी असे पेशंट पाहिलेत ज्यांची साखर वर आली पण घरच्यांनी मायेने पाजलेल्या चहामुळे न्यूमोनिया झाला. आणि गोळीमुळे उतरलेली साखर ग्लुकोज दिल्यावर वर येऊन काही तासांनी पुन्हा पडते. म्हणून “आता बोलायला लागल्या, घरी नेतो” असं म्हणायचं नाही. निदान एक दिवस-रात्र दवाखान्यात नजरेखाली ठेवावं लागतं.

आता पुढच्या वेळचं बोलू. पुढच्या वेळी खरंच लकवा असू शकतो, हार्ट अटॅक असू शकतो, न्हाणीत पडून खुबा मोडू शकतो. गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं २०११ ते २०१३ या काळात शोधली, तेव्हा लकवा हे सगळ्यांत मोठं कारण निघालं. साधारण सात मृत्यूंमागे एक, आणि त्यातले बहुतेक लोक घरीच गेले होते. तेव्हा बाबांचा ‘लकवा’ हा अंदाज आपल्या भागात वावगा नव्हता.

पहिल्या दोन तासांत तुम्ही तिथे नसणार, हे आधी मान्य करा. पुण्याहून ट्रॅव्हल्सने रात्र जाते. त्यामुळे त्या दोन तासांतला तिच्या बाजूचा माणूस गावातलाच हवा, आणि तो आजच ठरलेला हवा. बाबा अठ्ठ्याहत्तरचे आहेत, घाबरून जातील, त्यांच्यावर एकट्यावर हे टाकू नका. ज्याच्या घरी गाडी आहे, जो रात्री फोन उचलतो आणि ज्याला तालुक्याचा रस्ता पाठ आहे असा भाचा, पुतण्या, शेजारी, कोणीही. त्याच्या घरी जाऊन, बसून, सांगून ठेवा: “भाऊ, असं काही झालं तर तू पुढं हो, पैशाचं मी पाहतो.” फोनपेवर थोडे पैसे आधीच टाकून ठेवा. बरेचदा लोक गाडीच्या डिझेलसाठी तास-दीड तास इकडे-तिकडे करत बसतात आणि हे कोणी बोलून दाखवत नाही. आशाताईंना आईच्या गोळ्यांची कल्पना द्या. गावात त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं की १०८ किती वेळात येते आणि पावसाळ्यात कोणत्या नाल्यावरून गाडी जात नाही.

१०८ ही सेवा आपल्याकडे २०१४पासून आहे. मोफत आहे आणि गाडीत डॉक्टर असतो. फोन लावताना गावाचं नाव, तालुका, ओळखीची खूण (मारुतीचं देऊळ, शाळा, जे असेल ते) आणि पेशंट शुद्धीवर आहे की नाही, हे आधी सांगायचं. मग विचारायचं, गाडी कुठून निघतेय, किती वेळ लागेल. पाऊण तासापेक्षा जास्त सांगितलं आणि घरची गाडी दारात असेल तर मी घरच्या गाडीने निघायला सांगेन, फोन चालू ठेवून. मात्र श्वास घरघरत असेल, तोंडात फेस असेल, तर पेशंटला कुशीवर वळवून ठेवा आणि गाडीत ऑक्सिजन असलेली १०८ मागा, वाट पाहावी लागली तरी.

तुम्ही पुण्यातून व्हिडिओ कॉलवर काय करायचं? रडायचं नाही, एवढं तरी करा, बाबांना तुमचा आवाज शांत ऐकू आला पाहिजे. आईंना हसायला सांगा, तोंड एका बाजूला ओढतंय का पाहा. दोन्ही हात समोर उचलून धरायला सांगा, एक खाली पडतो का पाहा. नाव विचारा, जीभ अडखळते का ऐका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ती शेवटची ठणठणीत कधी दिसली होती ती वेळ विचारून लिहून ठेवा. ‘सापडली कधी’ ही वेळ वेगळी. रात्री दहाला नीट झोपली आणि सकाळी सहाला हात लुळा दिसला, तर डॉक्टरांच्या हिशेबात घड्याळ दहापासून सुरू होतं. रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. वेळ नक्की सांगता आली नाही तर इंजेक्शन हातात असून डॉक्टरांना ते देता येत नाही. काही पेशंटमध्ये मोठ्या शहरात तारेने गाठ ओढून काढतात, त्याची मुदत जास्त असते, पण आपल्या भागातून तिथे वेळेत पोचणं फार थोड्यांना जमतं.

लकव्याची शंका असेल तर सीटीच्या आधी ॲस्पिरिन नको. बीपी वाढलेलं दिसलं म्हणून जिभेखाली गोळी ठेवून ते धाडकन उतरवू नका. गाठीमुळे अडलेल्या मेंदूला त्या वाढलेल्या बीपीनेच थोडं रक्त मिळत असतं. छातीत दुखत असेल तर गोष्ट उलटी. तिथे ॲस्पिरिन चावून खायला देतात, आणि १०८चे डॉक्टर फोनवर किंवा गाडीत ते सांगतील.

कुठे न्यायचं? हे संकट येण्याआधी ठरवायचं असतं. आपल्याकडे घाबरलं की तोंडात एकच नाव येतं, नागपूर. यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटर आहे. हार्ट अटॅकमध्ये जवळच्या ज्या दवाखान्यात ईसीजी निघतो आणि गाठ विरघळवायचं इंजेक्शन मिळतं तिथे आधी थांबायचं. ते घेऊन मग पुढे जायचं. नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या दाराशी पोचेपर्यंत हृदयाचा स्नायू वाट पाहत नाही. लकव्यात मात्र सीटी आणि फिजिशियन असलेल्या ठिकाणी थेट गेलं पाहिजे. मधल्या तीन दवाखान्यांत सलाईन लावत गेलात तर साडेचार तास तिथेच संपतात. जिल्ह्याची हद्दही मनात आणू नका. वणीच्या माणसाला चंद्रपूर जवळ, उमरखेडच्या माणसाला नांदेड जवळ, वर्ध्याच्या बाजूला असाल तर सेवाग्राम. तुमच्या गावापासून चोवीस तास सीटी चालू असणारं सगळ्यात जवळचं ठिकाण कोणतं, हे पुढच्या सुट्टीत स्वतः जाऊन विचारून या. खुबा मोडला असेल तर घाई वेगळ्या प्रकारची आहे. तासाभरात काही बिघडत नाही, पण ऑपरेशन शक्यतो दोन दिवसांत झालं पाहिजे. “या वयात कशाला ऑपरेशन” म्हणून तेल लावून खाटेवर ठेवलेली माणसं मी महिन्या-दोन महिन्यांत जखमा आणि न्यूमोनियाने जाताना पाहिलीत. मला त्याचा अजून राग येतो.

आता कागद. एकच पान, दरवाजामागे खिळ्याला लटकवलेलं, आणि त्याचा फोटो तुमच्या, भाच्याच्या आणि बाबांच्या फोनमध्ये. त्यावर आईचं नाव, वय, आजार किती वर्षांपासून, प्रत्येक गोळीचं औषधाचं नाव आणि ताकद, कधी घेते, कोणत्या औषधाने अंगावर पुरळ आली होती, जुनी ऑपरेशनं, डॉक्टरांचा नंबर, तुमचा नंबर. ‘पांढरी गोळी, सकाळी’ असं नाही. गोळीच्या पट्टीवरून उतरवून घ्या. सोबत शेवटचा ईसीजी ठेवा, चांगला असो की वाईट. नवा ईसीजी काढल्यावर “हे जुनंच आहे की आज झालंय” हा प्रश्न डॉक्टरांना पडतोच, आणि जुना कागद समोर असला तर उत्तर क्षणात मिळतं. त्याच पिशवीत रेशनकार्ड आणि आधारची प्रत, चष्मा, कवळी, आणि ऐकण्याचं मशीन असेल तर तेही.

मशीनवरून एक सांगते. माझ्या वॉर्डात एक आजोबा आले होते, पांढरकवड्याच्या बाजूचे. दोन दिवस काही विचारलं की ते भलतंच बोलायचे. आम्ही सगळ्यांनी त्यांना ‘भ्रमात आहेत’ असं धरलं, मीही तसंच लिहिलं. तिसऱ्या दिवशी नात आली, तिने पिशवीतून मशीन काढून कानात घातलं आणि म्हातारा म्हणाला, “सिस्टर, माही उलटी कोणीच नाही पाह्यली, काळी झाली ना.” पोटात रक्तस्राव होत होता. नात दोन दिवस आधी आली असती तर, हा विचार मी आजवर सोडू शकले नाही. माझी चूक होती, मी कानात बोलून पाहायला हवं होतं. तुम्ही ते मशीन पिशवीत ठेवा.

दवाखान्यात पोचल्यावर बोलणारा माणूस एकच ठेवा. चार नातेवाईकांनी चार वेळा विचारलं तर डॉक्टर चार वेळा थोडं थोडं सांगतात आणि पूर्ण कोणालाच कळत नाही. त्या एकाने छोटी वही ठेवायची. कोण आलं, काय सांगितलं, कोणती तपासणी पाठवली, रिपोर्ट कधी येणार. सकाळच्या राउंडला त्याने खाटेशेजारी हजर असलंच पाहिजे, चहाला नंतर जायचं. तुम्ही दूर असाल तर राउंडच्या वेळी तो तुम्हाला फोन लावून डॉक्टरांना विचारेल, “मुलगा लाइनवर आहे, दोन मिनिटं बोलाल का?” बहुतेक डॉक्टर बोलतात. त्या दोन मिनिटांत तक्रार काढू नका. तुम्हाला काय वाटतंय, आज काय होण्याची वाट पाहतोय आणि बिघडलं तर ते कशावरून ओळखायचं, एवढं विचारा. शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही, पण रात्री दोनला आईशेजारी बसलेल्या माणसाला तोच उपयोगी पडतो.

आणि आता ती गोष्ट, जी बाहेरच्या माणसाला कोणी सांगत नाही. सिस्टरची ड्यूटी साधारण सकाळी आठ, दुपारी दोन आणि रात्री आठ वाजता बदलते. माहिती हरवते ती तेव्हा. साठ पेशंटचा ओव्हर देताना जाणारी सिस्टर येणारीला नाव, आजार, इंजेक्शन सांगते. “यांची साखर काल रात्री पुन्हा पडली होती” हे वाक्य घाईत राहून जाऊ शकतं. म्हणून नवी सिस्टर आली की पंधरा मिनिटं थांबा, तिला स्थिर होऊ द्या, आणि मग जाऊन एकच वाक्य सांगा, तुमच्या मते सगळ्यात महत्त्वाचं. “ताई, आईंची साखर मध्यरात्री खाली जाते, बाराला आणि तीनला तपासायची आहे असं साहेबांनी सांगितलंय.” दहा गोष्टी सांगितल्या तर एकही राहत नाही, एक सांगितली तर राहते. ज्या नातेवाईकाने मला असं एक वाक्य दिलं त्याचा पेशंट मी रात्रभर विसरले नाही.

खाटेवर तुमची काही कामं आहेत, ती परवानगी मागून करा. दर दोन तासांनी कूस बदलणं, त्वचा लाल झाली का पाहणं. लकव्यात गिळणं तपासल्याशिवाय काही न भरवणं. लघवीच्या नळीबद्दल रोज विचारणं, “ही आज काढता येईल का?” नळी जितके दिवस राहते तितकं इन्फेक्शन जवळ येतं, आणि गर्दीच्या वॉर्डात ती काढायची राहून जाते. रात्री म्हातारी माणसं एकाएकी बडबडायला लागतात, सलाईन ओढतात, गेलेल्या माणसांना हाका मारतात. याला वेड समजू नका, बाहेरचंही काही समजू नका. आजारामुळे मेंदू गोंधळतो. चष्मा लावा, दिवा मंद ठेवा, ओळखीच्या आवाजात सांगत राहा की आपण दवाखान्यात आहोत, सकाळ झाली की उजेड येईल. हात बांधायची वेळ आली तर सिस्टरला म्हणा, “मी बसतो धरून.” आणि त्याच वेळी साखर, ऑक्सिजन, लघवी अडली का, हे तपासायला सांगा. अचानक आलेल्या भ्रमामागे बहुतेकदा शरीरातलंच काही कारण असतं. आपल्या उन्हाळ्यात तर सोडियम (रक्तातलं मीठ) उतरल्याने कितीतरी म्हातारे असे येतात, विशेषतः लघवीची गोळी चालू असेल आणि उलट्या-जुलाब झाले असतील तर.

भांडायचं केव्हा, असं विचारलंत. आवाज चढवून मी एकाही पेशंटचं भलं झालेलं पाहिलं नाही. काच फुटली की सिस्टर-डॉक्टर त्या खाटेजवळ जायला घाबरतात. पण अडून बसायचे प्रसंग असतात, तेव्हा शांतपणे आणि उभं राहून अडायचं. पैसे भरल्याशिवाय तातडीच्या पेशंटला हात लावत नाहीत असं झालं तर. जीव वाचवण्याचा उपचार टाळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सांगितलेलं आहे. बिलासाठी पेशंट अडवून ठेवला तर. महाराष्ट्राच्या २०२१च्या नर्सिंग होम नियमांत रुग्ण हक्कांची सनद आहे, ती आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायला हवं. ती भिंतीवर कुठे आहे, एवढंच विचारा. कागद देत नसतील तर लेखी अर्ज करा, ७२ तासांत प्रत द्यावी लागते. आणि रेफर करताना चिठ्ठीवर काय दिलं, किती वाजता दिलं, बीपी-साखर किती होती हे लिहिल्याशिवाय गाडीत बसू नका. पुढच्या डॉक्टरसाठी ती चिठ्ठी म्हणजे आईचं तोंड आहे.

पैशाचं थोडक्यात. ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, चौकशीसाठी १५५३८८ किंवा १८००२३३२२००. आईबाबा दोघंही सत्तरीच्या पुढचे, तेव्हा दोघांचं आयुष्मान वय वंदना कार्ड (सत्तरीपुढच्यांसाठीचं मोफत उपचाराचं सरकारी कार्ड) काढता येतं. ते आजच काढून ठेवा. खासगीत नेलं तर ॲडमिट करतानाच आरोग्यमित्राच्या, म्हणजे दवाखान्यात या योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाच्या, टेबलावर जा. ‘नंतर पाहू’ म्हणून रोख भरलं की ते पैसे परत येत नाहीत. तातडीत फोनवरून मंजुरी मिळते, कागद मागाहून देता येतात. बैलजोडी विकायला काढण्याआधी हे टेबल गाठा.

आता बाबांचं वाक्य. “कुठेच नेऊ नका” हे ते स्वतःबद्दल बोलतात की आईबद्दल? आईबद्दल असेल तर ते आईला विचारायचं, बाबांना नाही. आणि ते वाक्य म्हणजे थकवा आहे, पैशाची भीती आहे की पूर्ण विचार करून ठरवलेलं आहे, हे तुम्हाला शेजारी बसून कळेल, फोनवर नाही. माझा अनुभव असा, की म्हातारी माणसं ‘नेऊ नका’ म्हणतात तेव्हा बहुतेकांना ‘नळ्या लावून अनोळखी ठिकाणी एकटं ठेवू नका’ असं म्हणायचं असतं. आईंना जे झालं होतं ते तर ग्लुकोजने बरं होणारं होतं. ‘नेऊ नका’ मानलं असतं तर आज त्या नसत्या. हे बाबांना हळूच सांगा.

पण दुसरी बाजूही खरी आहे. मेंदूत मोठा रक्तस्राव झालेला, कॅन्सर पसरलेला, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं, अशा वेळी माणसाला घरी, आपल्या अंगणात, आपल्या माणसांत राहायचं असेल तर तोही त्याच्या बाजूने उभं राहण्याचाच भाग. तेव्हा डॉक्टरांना विचारा, “यांना त्रास होऊ नये म्हणून घरी काय देता येईल?” दुखणं, दम, तोंड कोरडं पडणं, या सगळ्यावर औषध असतं. नुसती ‘सल्ल्याविरुद्ध सुट्टी’च्या कागदावर सही करून गोळ्यांशिवाय घरी आणू नका. ज्यांना हे आधीच लिहून ठेवायचंय त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली वाट मोकळी केली आणि २०२३ साली ती सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर उपचारांबद्दलचं इच्छापत्र करता येतं. कागद केला नाही तरी बोलणं झालेलं असू द्या. आयसीयूच्या दारात भावा-बहिणींची जी भांडणं होतात, ती बहुतेक ‘माय काय म्हणाली असती’ यावरून होतात.

तुम्हाला गोळ्यांची नावं सांगता आली नाहीत, हे तुम्ही लिहिलंय. ती नावं मलाही माझ्या वडिलांच्या वेळी सांगता आली नव्हती, आणि मी तेव्हा ड्यूटीवरची सिस्टर होते. एवढ्या लांबच्या प्रवासानंतर, आईला तशी पाहिल्यावर, ती कोणालाही आठवत नाहीत. म्हणून तर तो कागद खिळ्याला लावायचा.

आईंचं विसरणं किती दिवसांत भरून येईल हे डॉक्टरच तपासून सांगू शकतील. महिन्याने पुन्हा दाखवा आणि तोवर औषधांचा डबा बाबांनी हाताळावा. आज संध्याकाळी फोन कराल तेव्हा बाबांना आधी विचारा, ती जेवली का आणि गोळी जेवणाआधी घेतली की नंतर. मग फोन तिच्या हातात द्यायला सांगा. ओसरीत पडल्यापासून दवाखान्यात जाग येईपर्यंत तिला काय काय आठवतं, कशाची भीती वाटली आणि पुन्हा तसं झालं तर सोबत कोण असावं, हे तिलाच विचारा. ती सांगेल ते वहीत तिच्याच शब्दांत लिहा.